सुखुमीची बरोबरी

झुगदिदीच्या बाजारात लामारा क्वारायाची ओळख करून द्यायची झाली, तर लोक तिचं आडनाव सांगत नाहीत. "ही आमची लामारा. सुखुमीच्या डावातली पांढरी," असं सांगतात. पुढच्यानं मान डोलावली की बोलणं चीजकडे आणि मक्याच्या पिठाकडे वळतं. चाळीस वर्षं तिनं गावातल्या पोरांना बुद्धिबळ शिकवलं. आधी बालभवनात शिकवायची. अबखाझियातल्या युद्धातून लोक जीव घेऊन पळून आले आणि त्या इमारतीत राहू लागले, तेव्हापासून शाळेच्या तळघरात. तिच्या हाताखालच्या दोन मुली पुढे देशाच्या संघात खेळल्या. पण तिचं नाव निघतं ते या कशामुळेही नाही. निघतं ते एका न जिंकलेल्या डावामुळे.

तो डाव १९६७ सालचा. सुखुमीला समुद्राकाठच्या आरोग्यधामात प्रजासत्ताकाची महिला स्पर्धा होती आणि ही शेवटची फेरी. पांढरी मोहरी लामाराकडे. चहामळ्यात राबणाऱ्या बाईची ही मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. काळी मोहरी एतेरी सुरगुलाद्झेकडे, वय बावीस, कुताइसीच्या डॉक्टरांची मुलगी. एतेरी अर्ध्या गुणानं पुढे होती. लामारा जिंकली असती, तर मॉस्कोच्या मोठ्या स्पर्धेला तीच गेली असती. डाव दोन दिवस चालला. एकाहत्तराव्या चालीला एतेरीनं आपला शेवटचा हत्तीही फुकट देऊन टाकला आणि स्वतःच्या राजाला अशा कोपऱ्यात कोंडून घेतलं की त्याला हलायला घरच राहिलं नाही. शह नाही, चाल नाही. नियमानं डाव बरोबरीत. सभागृहात लोक खुर्च्यांवर उभे राहिले.

मॉस्कोच्या मासिकानं तो डाव छापला. तिथून तो पाठ्यपुस्तकांत गेला, 'हरलेला डाव कसा वाचवावा' या धड्यात. पांढऱ्याच्या तीन चालींपुढे प्रश्नचिन्हं होती: चौतिसावी, एकेचाळिसावी आणि बावन्नावी. तिन्ही ठिकाणी पांढरीनं जिंकणं हातचं घालवलं, असं सगळे लिहीत आले. एकानं लिहिलं, अननुभव. दुसऱ्यानं, मनावरचं दडपण. रीगाच्या एका विद्वानानं तर स्त्रीस्वभावातल्या दयाळूपणावर अर्धं पान खर्च केलं. लामाराच्या वर्गात दरवर्षी एखादं तरी पोर ते पुस्तक घेऊन यायचं आणि विचारायचं, "बाई, इथं तुम्ही प्यादं पुढे का नाही ढकललं?"

"नाही सुचलं," ती म्हणायची. "तू सुचव. पुढचा धडा काढ."

नवरा बोंदो चहाच्या कारखान्याचा ट्रक चालवायचा. मनानं वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. "सात तास बसलीस आणि शेवटी बरोबरी! तेवढ्या वेळात आमच्या बायका चहाच्या दोन ओळी खुडून मोकळ्या होतात." लग्नात लामाराच्या आईनं, आमच्याकडे ठेवतात तसा, आंदणाच्या चादरींच्या घडीवर बुद्धिबळाचा पट ठेवला होता. बोंदो पाहुण्यांना तो पट दाखवून म्हणायचा, "हात लावू नका, मोडतो. जिंकवत नाही, पण मोडतो." पाहुणे हसायचे, लामाराही हसायची. बोंदो गेला त्याला आता अकरा वर्षं झाली. खरं काय होतं ते त्यालाही कळलं नाही, कारण तिनं भाकरीवर हात ठेवून शब्द दिला होता.

खरं असं होतं. शेवटच्या फेरीच्या सकाळी वालेरियान मास्तर तिला न्याहारीच्या टेबलावरून उठवून बागेत घेऊन गेले. लामारा आणि एतेरी, दोघीही त्यांच्याच तालमीतल्या.

"पोरी," मास्तर म्हणाले, "आज जिंकलीस तर मॉस्कोला तू जाशील. आणि तिथं कितवी येशील?"

"माहीत नाही."

"मला माहीत आहे. अकरावी. एतेरी गेली तर पहिल्या तिघींत येईल. तीन वर्षं आपल्या मुलीला तिथं पदक नाही. तू एकोणीसची आहेस, पुढच्या वर्षी तुझी पाळी. माझा शब्द."

"म्हणजे मी हरू?"

"हरायला कोण सांगतंय? बरोबरी. पण दहा चालींत हात मिळवून उठू नका. तिबिलिसीची ती तिसरी टपून बसली आहे, तिचा मामा समितीत आहे. बोंब मारेल. डाव खरा दिसला पाहिजे. रक्त निघालं पाहिजे."

"आणि एतेरी?"

"तिला एक अक्षर नाही. ती मानी आहे. कळलं तर पट उधळून देईल."

मास्तरांसमोर नाही म्हणायची तिची हिंमत नव्हती. तिला घोडा कसा चालतो हे ज्यांनी शिकवलं, पहिले बूट ज्यांनी घेऊन दिले, ते हे मास्तर. ती आत गेली आणि खेळायला बसली. रक्त निघालं पाहिजे म्हणून तिनं हल्ला चढवला, आणि हल्ला जरा जास्तच चांगला झाला. एतेरी चूक करत गेली. चौतिसाव्या चालीला लामाराच्या लक्षात आलं की आता वजीर राजाच्या दारात नेऊन बसवला तर डाव संपला. तिनं वजिराला वजीर देऊन टाकला. संध्याकाळी वेळ संपली, तेव्हा रीतीप्रमाणे पुढची चाल गुपचूप कागदावर लिहून पाकिटात बंद करून पंचांकडे द्यायची होती. कडेचं प्यादं पुढे ढकललं की जिंकणं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिनं लिहिलं, समोरचं फुकटचं प्यादं खाणं. स्वतःच्या हातानं लिहून, चिकटवून, सही करून दिलं. दुसऱ्या दिवशी बावन्नाव्या चालीला राजा जिथं न्यायचा तिथं न नेता मधोमध आणून ठेवला. मग एतेरीनं ते हत्तीचं दान केलं, लोक खुर्च्यांवर चढले आणि मास्तरांनी दोघींना एकदमच मिठी मारली.

निघायच्या दिवशी जेवताना मास्तरांनी तिचा हात भाकरीवर ठेवला. "मी जिवंत आहे तोवर कुणाला नाही." ती म्हणाली, "या भाकरीची शपथ."

एतेरी मॉस्कोत तिसरी आली. तिला पदक मिळालं, मग राजधानीत, तिबिलिसीत, घर, मग परदेशचे दौरे. मास्तरांना त्याच हिवाळ्यात राजधानीत नोकरी मिळाली आणि तिथं त्यांना नवी मुलगी सापडली. पुढच्या वर्षी लामाराची पाळी यायची होती. ते वर्ष काही आलं नाही. ती पुन्हा दोनदा खेळली, सहावी आली, नववी आली. मग लग्न, मग बालभवन. मास्तर उन्हाळ्यात गावाकडे आले की जेवणावळ व्हायची. पिण्याचं शिंग वाइननं भरून ते उभे राहायचे आणि एक घोट न चुकता तिच्याकडे बघून घ्यायचे, "सुखुमीच्या त्या डावासाठी!" लोक टाळ्या वाजवायचे. लामारा ओठ लावून पेला खाली ठेवायची.

तिला कुणी वेडंवाकडं बोललं, पगार अडला, छप्पर गळलं, मुलगा रशियात गेला तो फोन करीनासा झाला, की ती पट मांडून बसायची. तीन ठिकाणी तीन डाव, आणि तिन्ही तिचे. जुन्या वह्यांमध्ये तिनं ते तिन्ही विजय शेवटच्या चालीपर्यंत लिहून काढले होते. काळ्यानं असं केलं तर असं, तसं केलं तर तसं. नव्वदच्या दशकातल्या त्या हिवाळ्यांत वीज नव्हती, सरपण नव्हतं, तेव्हा लोकांनी पुस्तकं जाळली. तिनंही बोंदोच्या खुर्च्या जाळल्या, पण वह्या राहिल्या. मी जिंकलेली होते, मी दिलं. एवढं एकच वाक्य तिला कुठंतरी छापून आलेलं बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

मास्तर जानेवारीत गेले, शहाण्णव वर्षांचे होऊन. मे महिन्यात एतेरीचा फोन आला. बुद्धिबळ मंडळ आमच्या मुलींच्या जुन्या गाजलेल्या डावांचं पुस्तक काढत होतं आणि संपादन तिच्याकडे होतं. सुखुमीचा डाव असणारच होता. "दोघींच्या टिपा हव्यात. मीच येते तिकडे," ती म्हणाली. लामारानं त्या आठवड्यात चार पानं लिहिली, बागेतल्या बोलण्यापासून भाकरीपर्यंत. तीनदा नक्कल केली, खाडाखोड नको म्हणून.

एतेरी आली ती सकाळी अकराच्या सुमाराला, मिनीबसमधून उतरून, धापा टाकत.

"अगं, तू तर तशीच! काठी नुसती. मी बघ, पिंप झालेय."

"राजधानीचं पाणी."

"पाणी कसलं, केक."

कुंपणापलीकडून शेजारीण झुझूनानं मान वर काढली. "लामारा, पाहुणीला कोंबडी की नुसतं आपलं मक्याचं घोमी?"

"कोंबडी सकाळीच कापली. तू तुझी गाय बघ, माझ्या कोबीत शिरलीय."

"गायीलाही कळतं कुठं पाहुणचार आहे ते," झुझूना म्हणाली आणि गायीला हाकलायला गेली.

अक्रोडाखालच्या टेबलावर दोघी बसल्या. एतेरीनं चष्मा पुसला. "मास्तर गेले, तू आली नाहीस."

"गुडघा धरला होता."

"आणि चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला?"

"मला दोन गुडघे आहेत."

एतेरी हसली नाही. लामारानं चार पानं तिच्यापुढे सरकवली. एतेरीनं ती सावकाश वाचली, एक पान दोनदा. वर पाहिलं तेव्हा तिचा चेहरा, लामाराला वाटलं होतं तसा, पांढरा पडलेला नव्हता.

"मला वाटायचंच," ती म्हणाली. "चौतिसाव्या चालीला मला दरदरून घाम फुटला होता. तू वजीर बदललास आणि खिडकीतून समुद्राकडे बघायला लागलीस. चुकलेली पोरगी पटाकडे बघते गं, समुद्राकडे नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मॉस्कोचं तिकीट परत देऊ? सत्तेचाळीस वर्षं लोक विचारतात, एतेरी, कसा वाचवलास तो डाव? मी सांगते, धीर धरला, शेवटपर्यंत सोडलं नाही. शाळांमध्ये जाऊन सांगते. आणि सांगता सांगता आत काहीतरी म्हणतं, वाचवलास कुठे, तुला दिला होता." तिनं पिशवीतून पाटीएवढा टॅबलेट काढला. "म्हणून मी हे विकत घेतलं. जगज्जेत्यालाही हरवतं हे. याला विचारलं."

"काय विचारलं?"

"त्या तीन जागा. बघ तू. मी सांगत नाही, तूच बघ."

पडद्यावर चौतिसाव्या चालीचा पट उभा राहिला. लामारानं बोटानं वजीर राजाच्या दारात नेला, जिथं तो सत्तेचाळीस वर्षं जायचा राहिला होता. कोपऱ्यातला आकडा थोडा वर चढला, खाली आला आणि शून्यावर येऊन थांबला.

"शून्य म्हणजे?"

"बरोबरी."

"हे बिघडलंय."

"नाही बिघडलं. पुढे बघ, घोड्याचा शह. मग परत शह. तुझ्या राजाला त्यातून सुटताच येत नाही."

लामारानं वही आणली. वहीत घोड्याचा शह होता, पण दुसऱ्या घरातून. या घरातून घोडा येऊ शकतो हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. "बरं," ती म्हणाली, "ही एक गेली. एकेचाळिसावी लाव."

कडेचं प्यादं तिनं पुढे ढकललं. काळ्याचा हत्ती पटाच्या तळापर्यंत खाली गेला आणि प्याद्याच्या मागून येऊन उभा राहिला. शून्य. लामारानं चार वेगवेगळे रस्ते धरून पाहिले. हत्ती मागून येतच राहिला. तिच्या वहीत एकोणीस पानं भरून विजय लिहिला होता आणि त्या एकोणीस पानांत तो हत्ती एकदाही मागून आला नव्हता. वर्गातल्या पोरांना ती दरवर्षी हेच ओरडून सांगायची, हत्ती प्याद्याच्या मागे, मागे!

बावन्नावी पाहायला वेळ लागला नाही. "इतकी थोडी मोहरी उरली की हे अंदाज करत नाही," एतेरी म्हणाली, "याला ठाऊकच असतं." राजा इकडे नेला तरी शून्य, तिकडे नेला तरी शून्य.

कोंबडीचा रस्सा चुलीवर आटत होता, त्याचा वास अंगणात आला. कुणी उठलं नाही.

"म्हणजे मी काही दिलंच नाही?" लामारानं विचारलं.

एतेरीनं रुमालानं तोंड पुसलं. पण तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं, ते रुमालानं पुसलं जाण्यासारखं नव्हतं. इतकी मोकळी, इतकी तरुण ती सुखुमीतही दिसली नव्हती. "मी वाचवला होता गं," ती हळूच म्हणाली. "खरंच वाचवला होता."

मग चार पानांवर बोट ठेवून म्हणाली, "रागावू नकोस. मास्तर तसं बोलले असतील, नव्हे, बोललेच. पण छापायचं काय? जे तुझ्याकडे नव्हतंच ते तू मला दिलंस, असं?"

 कोबीत पुन्हा शिरलेल्या गायीकडे लामारा बघत होती आणि तिला हाकलायचं तिला सुचत नव्हतं.

"सगळा डाव चालव," ती शेवटी म्हणाली. "पहिल्या चालीपासून. एकही सोडू नको."

"कशाला आता? तीन जागा तर पाहिल्या."

"तीन जागा लोकांनी ठरवलेल्या. मला सगळा बघू दे."

एतेरीनं खांदे उडवले आणि डाव लावला. चाल पुढे सरकत होती, आकडा शून्याच्या आसपास डोलत होता. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. चव्वेचाळिसाव्यापर्यंत काही नाही. पंचेचाळिसाव्या चालीला एतेरीचा राजा एक घर बाजूला झाला. या चालीला सगळ्या पुस्तकांत दोन उद्गारचिन्हं होती, म्हणजे अप्रतिम चाल. कुताइसीच्या शाळेत तिच्या नावाचा वर्ग आहे, तिथं भिंतीवर हाच पट रंगवलेला आहे. पडद्यावरचा आकडा उडाला आणि पांढऱ्याच्या बाजूनं सहावर जाऊन बसला.

"थांब," लामारा म्हणाली.

आता पांढऱ्याची शेहेचाळिसावी चाल. यंत्रानं दाखवली ती चाल मुकी होती. शह नाही, मार नाही, पुढे जाणंही नाही. हत्ती नुसता एक घर मागे. बस. आणि मग काळ्याचं मरण एवढंच, की पाळी त्याची होती. राजा हलवला तर हत्ती मरतो, हत्ती हलवला तर प्यादं सुटतं, प्यादं हलवलं तर सगळंच जातं. न हलायची मुभा नाही. दोघींनी मिळून अर्धा तास काळ्यासाठी वाट शोधली. वाट नव्हती.

सत्तेचाळीस वर्षांत हे कुणाला दिसलं नव्हतं. मॉस्कोला नाही, रीगाच्या विद्वानाला नाही.

लामाराला ती चाल मात्र चांगली आठवत होती. दुसऱ्या दिवसाची सकाळ होती आणि घड्याळात तिच्याकडे बावन्न मिनिटं होती. त्या एका चालीला तिनं स्वतःशी ठरवलं होतं की आता एकदा, फक्त स्वतःसाठी, प्रामाणिकपणे शोधायचं. आपण देतोय ते नेमकं काय, हे आपल्याला तरी माहीत असावं. मास्तर नाहीत, एतेरी नाही, मॉस्को नाही, नुसता पट. चोवीस मिनिटं तिनं शोधलं. काही सापडलं नाही, तेव्हा हत्ती पुढे नेला आणि मनात म्हणाली, इथं काही नाहीच, मग द्यायचंही काही नाही. चालींच्या जुन्या कागदावर तिनंच बाजूला पेन्सिलीनं लिहिलेला आकडा होता, चोवीस.

"तुला आठवतं?" एतेरीनं विचारलं. "तू इथं खूप वेळ घेतलास. मी उठून पाणी प्यायला गेले होते."

"शोधत होते."

"काय?"

"हेच."

एतेरीनं टॅबलेट उलटा करून ठेवला. तिचा चेहरा पुन्हा एकोणसत्तर वर्षांचा झाला होता. "हे बघ लामारा. हे कुणाला माहीत नाही. पुस्तक जुन्या लोकांच्या आठवणींचं आहे, यंत्राचं नाही. तू तुझी चार पानं दे, मी छापते, एक अक्षर न कापता. मास्तरांनी सांगितलं, तू ऐकलंस. खाली मी सही करते, मला संशय होता म्हणून. लोक म्हणतील, बिचारीनं केवढं दिलं. आणि शेहेचाळीस आपण सोडून देऊ. पंचेचाळीसही. तुझं तुला, माझं मला."

"परत बरोबरी."

"आपल्या वयाला बरोबरी वाईट नाही गं."

"लोक यंत्र लावून बघतील."

"कोण बघतंय बायकांचे जुने डाव? आणि बघितलंच एखाद्यानं, तर तोवर आपण दोघी मास्तरांच्या शेजारी." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुला हेच हवं होतं ना? मी देतेय."

हवं होतंच. तेच एक वाक्य, छापून. लामारानं पानं हातात घेतली. अक्षर सुंदर आलं होतं. मी जिंकलेली होते, मी दिलं. ती वाचत असताना तिला त्या वाक्याचा पहिला भाग डोळ्यांपुढून हलेना. जिंकलेली होते ती एकदाच, एका चालीपुरती, आणि तिथं तिला कुणी अडवलं नव्हतं. मास्तर तेव्हा बागेत वर्तमानपत्र वाचत होते.

तिनं पानं दुमडून एप्रनच्या खिशात टाकली. "तुझा तो टिपांचा कागद दे."

एतेरीनं दिला. लामारानं उभ्यानंच, टेबलावर वाकून लिहिलं: 'काळ्याची ४५वी चाल ही चूक आहे. ४६व्या चालीला पांढरा हत्ती एक घर मागे घेऊन जिंकतो. मी येथे चोवीस मिनिटे विचार केला. मला दिसले नाही. ३४, ४१ व ५२ या ठिकाणी विजय नव्हता. लामारा क्वाराया, झुगदिदी.'

एतेरीनं वाचलं. "आणि वेळेची अडचण वगैरे? मी निदान तेवढं घालते. बरं दिसतं."

"माझ्याकडे बावन्न मिनिटं होती."

"मास्तरांचं?"

"त्यात मास्तर कुठे आहेत?"

"तू मला मारतेयस," एतेरी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पन्नास वर्षांत एक गोष्ट मी चांगली केली, आणि आज तुझ्यासमोर घटकाभर ती माझी झाली होती. घटकाभर, लामारा! तुला तेवढंही बघवलं नाही."

"मी तुला काही करत नाहीये. डाव तपासतेय."

"तू आयुष्यभर माझा डाव तपासत बसलीस. म्हणूनच दुसरा खेळली नाहीस."

 एतेरीनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, टॅबलेट पिशवीत घातला. जेवायला थांबली नाही. फाटकापाशी झुझूना उभीच होती. "अहो, एवढ्यात? कोंबडीचं काय?"

"तुम्ही खा," एतेरी म्हणाली.

झुझूनानं खाल्ली, आणि म्हणाली की रस्सा खाली लागलाय.

त्या दुपारी लामारा नेहमीसारखी पट मांडून बसली. इतकी वर्षं असं बसलं की मास्तरांचा तो बागेतला चेहरा पुढे यायचा आणि पोटात काहीतरी पेटायचं. त्या आगीवर तिनं बरेच हिवाळे काढले होते. आज चेहरा आला, पण तो नुसता एका म्हाताऱ्याचा होता, मेलेल्या. तिनं त्याला शिव्या देऊन पाहिल्या, मोठ्यानं, घरच्या मेग्रेली बोलीत, जिच्यात शिव्या चांगल्या बसतात. काही पेटलं नाही. मग तिनं हत्ती एक घर मागे घेतला, पुढे नेला, परत मागे घेतला. इतकी सोपी चाल. वर्गातल्या दहा वर्षांच्या पोराला तिनं ही चाल सुचली नाही म्हणून उभं केलं असतं.

पुस्तक डिसेंबरात आलं, जाड, चकचकीत. मंडळानं तिला एक प्रत टपालानं पाठवली. तिनं अनुक्रमणिका दोनदा वाचली, मग पान पान उलटून पाहिलं. सुखुमीचा डाव त्यात नव्हता. प्रस्तावनेत एक ओळ होती, जागेच्या मर्यादेमुळे काही सुपरिचित डाव वगळावे लागले. एतेरीचे दुसरे अकरा डाव होते. शेवटी परिशिष्टात जुन्या स्पर्धांचे तक्ते होते; तिथं, १९६७, सुखुमी, दुसऱ्या ओळीत, बारीक अक्षरांत तिचं नाव होतं. आडनावात एक अक्षर चुकलं होतं.

बाजारात कुणीतरी विचारलं, "काय लामारा, पुस्तकात आलीस म्हणे?"

"आले," ती म्हणाली. "तक्त्यात."

त्या हिवाळ्यात तिनं एतेरीचे ते अकराही डाव तपासले. यंत्र नव्हतं, घ्यायचंही नव्हतं. लाकडी पट, नवी वही आणि पेन्सिल. सकाळी शेगडी पेटली की बसायची, जेवणाला उठायची, परत बसायची. मार्च संपेपर्यंत तिला सात डावांत एकेक, अशा सात चुका सापडल्या. आपल्याला सापडलेल्या सातांपैकी किती खऱ्या आणि किती त्या मागून येणाऱ्या हत्तीसारख्या, हे तिला ठाऊक नाही. झुझूनानं एकदा विचारलं की हे कुणाला पाठवणार आहेस. लामारा म्हणाली, अजून चार डाव पुन्हा बघायचे आहेत.